सकाळची टकटक आणि घाटातला खडखडाट एकाच खात्यावर टाकू नका

वाचकाचं पत्र, नाव गाळून थोडक्यात: "ताई, मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, अंबडला कंपनीत कामाला आहे. मागच्या दिवाळीत मालेगावच्या मावसभावाकडून त्याची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली. १.२ लिटर, चेनवालं इंजिन, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. रनिंग ९४ हजार, त्यातले ११ हजार माझ्याकडे झाले. पावसाळ्यापासून सकाळी सुरू केली की इंजिनमधून टकटक येते, दोन-तीन मिनिटांत कमी होते. श्रावणात आईला घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो तेव्हा नांदुरीच्या पुढे चढाला वेगळाच खडखडाट झाला, डब्यात गोट्या हलवल्यासारखा, आणि पुलिंग पण कमी वाटलं. द्वारकेजवळच्या एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटं ऐकून सांगितलं की रॉड वाजतोय, इंजिन उतरवावं लागेल, ६५ हजार धरून चला. दुसरा म्हणाला जाड ऑइल टाका, आवाज बसेल, मग गुपचूप एक्सचेंजला द्या. शेजारचे काका म्हणतात हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळे. बायको म्हणते भावाने फसवलं, त्याच्याकडून पैसे मागा. वडील म्हणतात नात्यात पैशाचा विषय नको. ऑइलचं विचाराल तर भाऊ म्हणाला होता आत्ताच बदललंय, त्यामुळे मी अजून बदललं नाही. इंजिन उघडू, विकू की भावाशी बोलू? नवरात्रात आईला परत गडावर जायचंय."

दादा, पत्र नीट दोनदा वाचलं आणि पहिली गोष्ट ही सांगते की तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आत्ता द्यायची गरजच नाहीये, कारण ते तिन्ही प्रश्न एका गोष्टीवर उभे आहेत ती म्हणजे "रॉड गेलाय", आणि ती गोष्ट अजून कोणी तपासलेलीच नाही, एकाने दोन मिनिटं ऐकून सांगितली आणि घरात सगळ्यांनी ती धरून पुढचं गणित मांडलं, पैसे किती, दोष कोणाचा, गाडी ठेवायची का नाही. मी तुमच्या जागी असते तर मलाही ६५ हजार ऐकून झोप लागली नसती, पण तुमच्या पत्रातच अशा दोन-तीन गोष्टी आहेत ज्या रॉडच्या विरोधात जातात.

तुम्ही लिहिलंय की सकाळची टकटक गाडी गरम झाली की कमी होते. आता रॉड कसा वाजतो ते बघा. क्रँक म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा आणि कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला त्याच्याशी जोडणारा दांडा, या दोघांमध्ये बेरिंगच्या पातळ पाती असतात आणि त्यांच्यावर ऑइलची फिल्म, ती फिल्म आहे तोवर धातूला धातू लागत नाही, बेरिंग झिजलं की गॅप वाढते, प्रेशर उतरतं आणि रॉड क्रँकवर आपटायला लागतो. इंजिन गरम झालं की ऑइल पातळ होतं, म्हणजे रॉडचा आवाज साधारणपणे गरम झाल्यावर वाढतो, आणि तो हलका टकटक नसतो, खालून चेंबरच्या, म्हणजे इंजिनखाली ऑइल साठतं त्या भागाच्या बाजूने जड ठक-ठक येतो, ॲक्सिलरेटर दिला की वाढतो, एका ठराविक आरपीएमवर (मिनिटाला इंजिनचे फेरे) सोडला की अजून स्पष्ट होतो. तुमचं सगळं उलटं आहे, गार असताना आवाज, गरम झाल्यावर कमी. याने रॉड शंभर टक्के बाद होत नाही हे मान्य, पण माझा संशय तिकडे सगळ्यात शेवटी जाईल.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडे आवाज दोन आहेत. सकाळचा वेगळा, घाटातला वेगळा, वेळ वेगळी, इंजिनची अवस्था वेगळी, तुम्ही स्वतःच "वेगळाच" असा शब्द वापरलाय, आणि तरी गॅरेजवाल्याने दोन्हीला मिळून एक आजार लावला. दोन्ही एकाच कारणाने असू शकतात पण ते सिद्ध व्हायला हवं, आधीच धरून चालायचं नाही.

आधी सकाळचा बघू. गार असताना येऊन गरम झाल्यावर जाणारे आवाज म्हणजे मुख्यतः चार. एक टॅपेट, हे व्हॉल्व दाबणारे भाग, त्यांचा आवाज म्हणजे वरच्या बाजूने हलकी, बारीक, पटपट टकटक. व्हॉल्व उघडणारा दांडा म्हणजे कॅम हा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, आयडलला ८०० आरपीएम धरला तर क्रँक सेकंदाला १३ वेळा फिरतो आणि कॅम साडेसहा वेळा, त्यामुळे टॅपेटची टकटक कानाला सुटी सुटी ऐकू येते आणि खालचा आवाज जवळजवळ सलग वाटतो, थोडं ऐकायची सवय झाली की हा फरक कळतो. दुसरा टायमिंग चेनचा, सुरू केल्या केल्या खर्रर्र करून बंद होतो, कारण चेनचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो आणि रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं, प्रेशर बनेपर्यंत चेन ढिली राहते. इथे ऑइल फिल्टर पण बघायला हवा, फिल्टरमध्ये ऑइल मागे जाऊ नये म्हणून एक रबरी व्हॉल्व असतो, स्वस्तातल्या लोकल फिल्टरमध्ये तो लवकर कडक होतो आणि रोज सकाळी इंजिन काही सेकंद कोरडं फिरतं. तिसरा पिस्टनचा, गार पिस्टन सिलेंडरमध्ये थोडा ढिला असतो आणि भिंतीवर आपटतो, जरा पोकळ आवाज, गरम झाल्यावर पिस्टन फुगला की जातो, थंडीत निफाड-दिंडोरीकडे पारा उतरतो तेव्हा जास्त ऐकू येतो आणि हलका असेल तर गाड्या वर्षानुवर्षं त्याच्यासकट चालतात. चौथा आवाज इंजिनच्या आतला नसतोच, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाईपच्या जोडाची गॅसकिट लीक असते, गार असताना फटीतून फट-फट टिक-टिक येते आणि तापून लोखंड पसरलं की फट बुजते. हा चौथा हुबेहूब टॅपेटसारखा ऐकू येतो, त्यामुळे मॅनिफोल्डच्या जोडाजवळ काळी काजळी दिसते का बघायचं आणि गार इंजिन सुरू असताना कोणाला तरी जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडाशी दोन-चार सेकंद धरायला सांगायचं, लीक असेल तर आवाज एकदम वाढतो. ही लीक असेल तर मात्र स्वस्त काम म्हणून रखडवू नका, तो धूर केबिनमध्ये येऊ शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो ज्याला वास नसतो, आई मागे झोपलेली असताना हे नको.

सीएनजीच्या गाड्यांत अजून एक गंमत असते, गॅसचे इंजेक्टर स्वतःच टकटक वाजतात, ते नॉर्मल असतं आणि कितीतरी लोक तो आवाज घेऊन गॅरेजला येतात. पण सिक्वेन्शियल किट गाडी पेट्रोलवर सुरू करतं आणि इंजिन तापल्यावरच गॅसवर टाकतं, तुमचा आवाज सुरू केल्याबरोबर येतो म्हणजे तेव्हा गाडी पेट्रोलवर असते, म्हणून ते इंजेक्टर मी बाद धरते. ज्यांचा आवाज गरम झाल्यावर, गॅसवर गेल्यावर सुरू होतो त्यांनी मात्र उभ्या गाडीत स्विच दाबून पेट्रोलवर टाकावं, टकटक थांबली तर काळजी करण्यासारखं काही नाही. आणि जाता जाता हेही सांगते, गॅसवर चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व सीट झिजली की टॅपेटचं अंतर कमी होतं, म्हणजे तेव्हा आवाज येतच नाही उलट इंजिन गुपचूप कॉम्प्रेशन म्हणजे सिलेंडरमधला दाब सोडतं, त्यामुळे "टॅपेट वाजत नाही म्हणजे सगळं छान" असंही नसतं, ठरलेल्या किलोमीटरला हे अंतर म्हणजे क्लिअरन्स चेक करून घ्यावा.

पण दादा या सगळ्याच्या आधी मला तुमच्या ऑइलची काळजी आहे. ११ हजार किलोमीटर आणि ११ महिने तुम्ही ऑइल बदललं नाही, कारण भावाने सांगितलं आत्ताच बदललंय. कोणतं टाकलं, कोणत्या ग्रेडचं, फिल्टर बदलला का, बिल आहे का, यातलं काहीच तुमच्या पत्रात नाही. समजा त्याने खरंच बदललं असेल तरी आता ते कधीच ड्यू झालंय, आणि अंबड-इंदिरानगर असं छोटं छोटं, सिग्नलवर थांबत चालणं असेल तर ऑइल जास्त लवकर खराब होतं. गार इंजिनातली टकटक येण्याचं सगळ्यात साधं कारण कमी झालेलं किंवा संपलेलं ऑइल हेच असतं. म्हणून उद्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधी सपाट जागेवर डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, काढा आणि बघा. खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी सुरूच करू नका, आधी टॉप अप. काळं असणं हा दोष नाही, पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा कॉफीसारखा फेस दिसत असेल तर ते मिस्त्रीला सांगा.

मग चावी ऑनला ठेवा, सुरू करू नका, आणि डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागतो का बघा. लागायलाच हवा. सुरू केल्यावर एक-दोन सेकंदात विझायला हवा, किती वेळ लागतो ते मोजा. चावी ऑनला तो लागतच नसेल तर बल्ब गेलाय, वायर सुटलीय किंवा कोणी मुद्दाम काढून ठेवलीय, सेकंडहँड गाडीत हे आवर्जून बघायचं असतं आणि फार थोडे लोक बघतात. आणि हा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पिवळ्या चेक इंजिनसारखा "बघू उद्या" म्हणून सोडायचा नाही, जिथे असाल तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद, घोटीला असाल तर घोटीला, "इथून नाशिक काय अर्धा तास" असं म्हणून ओढायची नाही, टोइंग बोलवायचं. दिवा नाही पण खालून जड ठक-ठक अचानक सुरू झाली आणि वाढतेय तरी हेच. तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो आणि मग दुरुस्तीचा विषयच राहत नाही.

ऑइल बदलताना जुनं ऑइल नुसतं ड्रममध्ये ओतू देऊ नका, तुम्ही समोर उभे राहा. स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून थोडं गाळा, उन्हात धरा, चमचम करणारे बारीक कण दिसतात का बघा, आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उघडून बघायला सांगा. कण दिसले तर चुंबक फिरवा, चिकटले तर लोखंड म्हणजे चेन, कॅम, सिलेंडरकडचं काही, नाही चिकटले तर बेरिंगचा धातू असू शकतो कारण बेरिंगमध्ये ॲल्युमिनियम, तांबं, कथील असं असतं. थोडीशी बारीक राखाडी पूड तेवढ्या रनिंगला चालते, डोळ्याला दिसणारे चमकदार तुकडे चालत नाहीत. ही तपासणी तुम्हाला ऑइल चेंजच्या खर्चातच मिळते आणि दोन मिनिटं ऐकण्यापेक्षा कितीतरी खरं सांगते. नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये जी ग्रेड लिहिलीय तीच टाका, फिल्टर ओरिजिनल, आणि दोन-चार दिवस सकाळचा आवाज ऐका. माझा अंदाज आहे की त्यात बराच फरक पडेल, पडला नाही तर पुढे जायचं.

पुढे म्हणजे इंजिन उतरवणं नव्हे. पुढे म्हणजे ऑइल प्रेशर गेज. ऑइलच्या दिव्याचा जो स्विच इंजिनला असतो तो काढून तिथे गेज लावतात, इंजिन पूर्ण गरम करून आयडलला आणि २०००-३००० आरपीएमला रीडिंग घेतात, तुमच्या इंजिनचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय (दाबाचं माप) असा आहे. प्रेशर चांगलं असेल तर बेरिंगवरचा संशय बराच कमी होतो. त्याच वेळी एकेका सिलेंडरचा इंजेक्टर कनेक्टर थोडा वेळ काढून बघतात, ज्या सिलेंडरचा रॉड वाजत असेल त्याचा दाब बंद झाला की आवाज दबतो किंवा बदलतो, टॅपेट आणि चेनच्या आवाजाला यात काही फरक पडत नाही. नुसती ठिणगीची कॉइल काढून जास्त वेळ चालवू देऊ नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब झाला तर वेगळा खर्च.

आणि म्हणून त्या ६५ हजारवाल्या गॅरेजला एकच प्रश्न विचारा, कितव्या सिलेंडरचा रॉड वाजतोय आणि तुम्हाला ते कसं कळलं. भांडण न करता, शांतपणे. त्याने सिलेंडर सांगितला, गेजचं रीडिंग दाखवलं, फिल्टरमधले कण दाखवले तर तो माणूस बरोबर असू शकतो आणि त्याचं ऐकायला हवं. "अहो अनुभव आहे, आवाज ओळखतो" एवढंच उत्तर असेल तर इंजिनला हात लावू देऊ नका. नाशिकमध्ये नुसत्या कानाने अचूक सांगणारे मिस्त्री आहेत, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते टॅपेट, चेन, वॉटर पंप, अल्टरनेटरचं बेरिंग वेगवेगळं काढतात. पण त्यातले चांगले लोक सुद्धा कानाने जागा ठरवतात आणि मग मोजून खात्री करतात. आणि तुम्ही तर अंबडला आहात, तुमच्याच कंपनीच्या मेंटेनन्सला बेरिंग ऐकायचा स्टेथोस्कोप घेऊन फिरणारा कोणीतरी असेलच, दिवसभर मशीनचे आवाज ऐकणाऱ्या माणसाला पार्किंगमध्ये दहा मिनिटं बोलवा, आवाज वरून येतो की खालून, टायमिंग कव्हरकडून की मॅनिफोल्डकडून, एवढं त्याने सांगितलं तरी अर्धं काम झालं. पट्टा आणि फिरत्या पुल्यांपासून हात आणि ओढणी-शर्ट लांब ठेवून.

आता घाटातला. तुम्ही जे वर्णन केलंय त्याला गॅरेजमध्ये पिंकिंग किंवा नॉकिंग म्हणतात आणि ते बहुतेक वेळा जळण्याचं दुखणं असतं, झिजण्याचं नाही. प्लगने ठिणगी टाकली की ज्वाला एका बाजूने पसरत जायला हवी, पण सिलेंडरमध्ये दाब आणि उष्णता जास्त झाली की कडेला उरलेलं मिश्रण ज्वाला पोचायच्या आधीच आपोआप पेटतं आणि त्या धक्क्याने धातू टिणटिण वाजतो. नांदुरीचा चढ, समजा गाडीत पाच माणसं, एसी चालू, आणि ॲव्हरेजच्या हिशोबाने तिसऱ्या गिअरमध्ये कमी स्पीडला ॲक्सिलरेटर तळाला दाबलेला, यापेक्षा नॉकिंगला पोषक परिस्थिती नाही. तेव्हा तुम्ही कितव्या गिअरमध्ये होता ते आठवा. वेळेवर दुसरा टाकला, आरपीएम वर आला आणि आवाज गेला तर इंजिन तुम्हाला गिअर मागत होतं. पुलिंग कमी वाटणं पण यात बसतं, नॉक सेन्सरला नॉकिंग ऐकू आलं की ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकायला लागतो, इंजिन वाचतं पण ताकद कमी होते.

काकांचं इथेनॉलचं म्हणणं. जुन्या गाड्यांच्या मालकांना ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल जी काळजी आहे ती मी खोटी म्हणणार नाही, २०१४ ची गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही, मायलेज थोडं पडतं, रबरी पाईप आणि सील यांच्यावर लक्ष ठेवायला हवं. पण नॉकिंगचा दोष मात्र त्याच्यावर टाकता येत नाही, कारण इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप न पेटण्याच्या क्षमतेचा आकडा, १०८ च्या आसपास आहे आणि ई२० येण्याआधीच्या साध्या बीएस-६ पेट्रोलचा किमान ९१ होता, म्हणजे इथेनॉल मिसळल्याने नॉकिंगला विरोध वाढतो.

आणि तुमच्याकडे तर फुकटची चाचणी आहे दादा जी फक्त पेट्रोलवाल्यांना करता येत नाही. सीएनजीचा ऑक्टेन १२० च्या वर असतो, गॅसवर नॉकिंग होणं फार कठीण. ऑइल बदलून झालं, डिपस्टिक ठीक, लाल दिवा ठीक, की मालेगावला जाता-येता राहुड घाट लागतोच, तिथे सारख्याच चढावर, सारख्याच गिअरमध्ये, सारख्या स्पीडला एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर चढवा. स्विच चढाच्या आधीच दाबून घ्या आणि ऐकायचं काम शेजारी बसलेल्याने करायचं, तुम्ही रस्ता बघा. पेट्रोलवर खडखडाट आणि गॅसवर गायब, तर ते जळण्याचं आहे, मग प्लग, कार्बन, कूलंट, थर्मोस्टॅट, टायमिंग हे बघायचं. दोन्हीवर तसाच, तर काहीतरी ढिलं किंवा झिजलेलं आहे, आणि ढिलं म्हणजे लगेच इंजिनच असं नाही, सायलेन्सरच्या वरचा पत्रा, इंजिन माउंटिंग, हेही लोड आलं की खडखडतात. आवाज खड्ड्यात आणि स्पीडब्रेकरवर येत असेल तर तो सस्पेन्शनमधल्या लिंक रॉड, बुश किंवा शॉकअपचा, इंजिनचा त्याच्याशी संबंध नाही, उभ्या गाडीत रेझ करून आवाज आला नाही तर आधी खालीच बघा.

बाहेरच्या किटच्या गाडीत मी दोन गोष्टी आवर्जून बघते. पहिली स्पार्क प्लग, चुकीच्या हीट रेंजचे, म्हणजे उष्णता नीट बाहेर न सोडणारे प्लग बसवले असतील तर ते लाल तापून मिश्रण वेळेआधी पेटवतात, कंपनीने सांगितलेला नंबरच हवा. दुसरी टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर, गॅसला ठिणगी थोडी आधी लागते म्हणून काही किटसोबत हा छोटा बॉक्स लावतात, पेट्रोलवर गेल्यावर त्याने बाजूला व्हायला हवं, नाही झाला तर पेट्रोलवर नॉकिंग ठरलेलं. हे किटवाल्याकडे तपासलं जातं, इंजिनवाल्याकडे नाही, आणि म्हणूनच हे सुटून जातं. स्कॅनर लावायला सांगा तेव्हा कोड लिहून घ्या, पी ०३२५ म्हणजे नॉक सेन्सरच्या सर्किटचा दोष, पी ०३०० म्हणजे मिसफायर, पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचं जुळत नाहीये, तिथे ताणलेल्या चेनचा संशय घ्यायचा. फक्त कोड पुसून पाठवलं तर काही झालं असं समजू नका.

जाड ऑइलच्या सल्ल्याबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय. जाड ऑइलने आवाज दबतो हे खरं आहे. झिजलेली गॅप जाड ऑइलने भरते, ठोका काही दिवस मऊ होतो. पण सकाळी तेच ऑइल वर चढायला वेळ लावतं, चेन टेन्शनरला उशिरा प्रेशर मिळतं, म्हणजे तुमच्या इंजिनात जिथे आत्ता दुखतंय तिथेच ते वाईट करतं. आणि गुपचूप एक्सचेंजला द्यायचं म्हणजे ती गाडी पुढे कोणीतरी तुमच्यासारखाच पगारदार माणूस घेणार, त्याची आई मागे बसणार आणि एक दिवस कसारा घाटात रात्री तो रॉड सुटणार. तुम्हाला भावाने तसं केलं असेल या नुसत्या शंकेने तुमच्या घरात एवढं वातावरण झालंय, तेच दुसऱ्याच्या घरात पाठवू नका. गाडी विकायला माझा अजिबात विरोध नाही, निदान करून, कागदावर घेऊन, घेणाऱ्याला दाखवून विका, भाव कमी येईल, पण परत फोन येणार नाही.

आता भाऊ. वहिनींचं म्हणणं मला समजतं, पैसे कष्टाचे आहेत आणि घर चालवताना ६५ हजार कुठून काढायचे हे त्यांनाच दिसतंय. वडिलांचंही समजतं. पण दोघांनीही धरलंय की भावाला माहीत होतं. आवाज पावसाळ्यात सुरू झाला, गाडी दिवाळीत घेतली, मधले सात-आठ महिने गाडी नीट चालली आणि त्या काळात ऑइल तुमच्याकडून बदललं गेलं नाही, हेही हिशोबात धरावं लागेल. फसवलं की नाही हे या आवाजावरून ठरत नाही. त्यामुळे भावाला फोन जरूर करा, पैशासाठी नाही, माहितीसाठी. शेवटचं ऑइल कुठे बदललं, कोणतं, प्लग कधी बदलले, किट कोणी बसवलं, चेनचं काम कधी झालंय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी कधी पाण्यात गेली होती का. मालेगावात मोसम नदीला पाणी येतं, आपल्याकडे गोदाघाटावर लावलेल्या गाड्या पुरात जातात, एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि रॉड किंचित वाकतो, गाडी सुरू होते, चालते, आणि पुढे कधीतरी वाजायला लागते. हे कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एका सिलेंडरचा आकडा कमी आल्यावर कळतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन मालक म्हणून जुनी सर्व्हिस हिस्टरी विचारा, तिथे केलेली कामं आणि किलोमीटर दिसतात. त्यात असं काही निघालं जे भावाला माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही, तर मग वहिनी म्हणतात तसं सरळ बोला, कागद हातात ठेवून, खर्चातला वाटा मागायला लाजायचं कारण नाही. वडिलांनाही कागद दाखवा, नात्यात पैशाचा विषय कागदाशिवाय काढला की तो जास्त चिघळतो.

समजा सगळं करून बेरिंगच निघालं. तरी लगेच इंजिन उतरवायचं नाही. आधी चेंबर खोलून खालून बेरिंगच्या कॅप काढून बघता येतात, पाती झिजून खालचा थर दिसतोय का, क्रँकला ओरखडे आहेत का, फोटो काढून घ्या. क्रँक चांगला असेल तर काम पात्यांवर निभावू शकतं, खराब असेल तर पॉलिश-ग्राइंडिंग आणि मग खरं इंजिनकाम. दोन गॅरेजकडून पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. कोणी सेकंडहँड पूर्ण इंजिन बसवून देतो म्हणालं तर त्या इंजिनचे कागद मागा आणि पेठ रोडला आरटीओत आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवावा लागतो हे विसरू नका, नाहीतर पासिंगला आणि इन्शुरन्स क्लेमला अडकाल, आणि गाडी विकताना तर नक्कीच.

गडाचं म्हणाल तर नवरात्रात तसंही नांदुरीच्या पुढे खाजगी गाड्या सोडत नाहीत, एसटीनेच वर जावं लागतं, तर आईंना नाशिकहूनच एसटीने न्या, गाडीवर तो ताण नको. उद्या सकाळी डिपस्टिक आणि लाल दिवा, पुढच्या आठवड्यात ऑइल-फिल्टर, मग घाट. डिपस्टिक ठीक असेल तर बॉनेट उघडून सुरू करतानाचं मोबाईल रेकॉर्डिंग त्याच वेळी करून ठेवा, एक वरून, एक खाली चाकाजवळून, ऑइल बदलल्यावर परत तसंच. लाल दिवा किती सेकंदात विझला, फिल्टरच्या कागदात काय दिसलं आणि गॅसवर घाटात आवाज आला का, या तीन गोष्टी मला लिहून कळवा, मग इंजिनचं काय करायचं ते बोलू.